पुढचा ट्रक

डेपो उघडतो सातला, म्हणजे नऊला,
म्हणजे ज्या दिवशी नेटवर्क असेल त्या दिवशी.
आंब्याखालची रांग तोवर झोपून उठलेली असते:
माणसांच्या जागी विटा, एकेक चप्पल, फुटकं घमेलं.
कुठली वीट कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक.

मी रांगेतला नाही. मी सायकलवाला.
एरवी कॅरिअरवर बाळंतिणी नेतो, शिक्षक नेतो, सोड्याचे क्रेट,
आणि वर्षातले हे तीन आठवडे खत.
पन्नास किलोचं पोतं, चौदा किलोमीटर,
चढ आला की मी उतरतो, पोतं बसून राहतं.

एनेलेसी चिम्बालांगा तिसऱ्या दिवशी आत गेली.
चितेंजेच्या गाठीतून तिनं ओळखपत्र काढलं.
मशीननं तिचं नाव गिळलं, ओकलं,
पुन्हा गिळलं.
सरकारचा वाटा सरकारनं भरला.
तिचा वाटा म्हणजे दोन कोंबड्या
आणि भावानं जोहान्सबर्गहून धाडलेलं थोडंफार.
हातात आलं युरियाचं एक पोतं.
दुसरं पुढच्या ट्रकला, म्हणाले.
पुढचा ट्रक हा आमच्या मलावीत एक ऋतू आहे.

कॅरिअरची एक सळई तुटलेली होती.
मला माहीत होती.
सांधायचे पैसे, म्हटलं, याच खेपेतून निघतील.

अंगणात गावप्रमुख काटा घेऊन उभाच.
यादीत एनेलेसी होती, शेजारची फालेसी नव्हती,
म्हणून पोतं दोघींचं, असं गावानं ठरवलेलं.
काट्यानं एकोणचाळीस दाखवले.
काटा झटकला, पुन्हा टांगलं.
एकोणचाळीस.

मी म्हणालो, डेपोतच कमी भरलं असणार, तिथे चोर बसलेत.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
हे खोटं बोलायला सोपं होतं,
कारण एरवी ते खरंच असतं.

मग दोघी बसल्या झाकणं मोजत.
फँटाच्या बाटलीचं नारिंगी झाकण,
मक्याच्या एका खड्ड्याला एक, काठोकाठ नाही, बोटानं सपाट करून.
उताराकडच्या ओळींना खडे पुरले नाहीत.
त्या ओळींना एनेलेसीनं काहीच घातलं नाही,
फक्त त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली.

दोन पाऊस झाले.
आणि रस्त्याच्या कडेनं गवत उगवलं
चार बोटं रुंद, काळपट हिरवं,
बाकीच्या पिवळट गवतात कुणी पट्टी धरून ओढल्यासारखं.
चढावर ते नागमोडी होतं, जिथे मी उतरून ढकलत होतो.
मिशनच्या विहिरीपाशी एक गोल पुंजका,
तिथे मी पाणी प्यायलो, भाडं मोजलं.
तिथून सरळ, कुठेही न चुकता,
तिच्या अंगणात.

पंधरवडाभर मी त्या वाटेनं गेलो नाही.
लांबून, कापसाच्या गोदामाकडून वळून जायचो.
गवताला तोंड नसतं, म्हणायचो,
पण ते बारा किलोमीटर लांब होतं.

एनेलेसी काही बोलली नाही. तिनं दोर विकत घेतला.
शेळी अंगणातल्या हिरव्या टोकाला बांधली,
दुसऱ्या दिवशी खुंटी दहा पावलं पुढे,
तिसऱ्या दिवशी आणखी दहा.
एकदा गाठलंच तिनं मला.
म्हटलं, कुठवर आलात?
काचेरेच्या झाडापर्यंत, म्हणाली.
अकरा किलो आहे, खायला वेळ लागणार.

शेळीला दूध वाढलं. एक पेला फालेसीकडे जातो.
उताराकडचा मका कमरेपाशीच थांबला,
त्याचं दूध होत नाही.

मका तुऱ्यावर आल्यावर पुढचा ट्रक आला.
उशिरा आलेलं खत पुढच्या वर्षी चालतं,
कोरडं राहिलं तर.
निरोप मलाच आला.
मी भाडं सांगणार नव्हतो, तोंडातून येईना.
तिनं पडवीतून दाभण आणला, सुतळी आणली,
रिकामं जुनं पोतं चौघडी करून काखेत धरलं.
म्हणाली, आधी कॅरिअर दाखव.